नोंदवहीला प्रश्न विचारण्याची भाषा

कोणाचा जन्म कधी, कोणाचे लग्न कुठे, कोणाची अझकारा कोणत्या तिथीला, अशी जुनी वही ज्यांच्या घरी आहे त्यांना तीतून एक नाव शोधायला किती वेळ लागतो हे सांगायला नको. तीच वही संगणकात तक्ता करून ठेवली तर तिला प्रश्न विचारता येतो. त्या प्रश्नांच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. आम्ही काही मंडळी ती नवशिक्यांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकातून शिकत आहोत.

भाषा नवी नाही. माहिती ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यांत ठेवावी हा विचार आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा मांडली. सुरुवातीला तीन शब्द पुरतात: सिलेक्ट म्हणजे काय हवे, फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यातून, व्हेअर म्हणजे अट. 'नाव आणि गाव दे, माणसे या तक्त्यातून, जिथे आडनाव रोहेकर आहे.' झाला प्रश्न. आडनावाच्या शेवटी 'कर' असलेले सगळे हवेत, तर लाइक हा शब्द घालून 'कर'च्या आधी टक्क्याची खूण करायची. आपल्या समाजात मग जवळजवळ सगळी वहीच बाहेर येते, ती गोष्ट वेगळी!

खरी अडचण नावांची. कोकणात सामाजी, मुंबईच्या शाळेत सॅम्युअल, इस्राएलात शमुएल. माणूस एक, पण संगणकाला ते तिघे वाटतात. हिब्रूत स्वरांच्या खुणा नसल्या की पेणकर हे फनकरही वाचता येते. यावर पुस्तकातला उपाय आम्हांला फार पटला. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा, आपल्या तेउदात झेहूतसारखा, जो दुसऱ्या कोणाचा नसतो. नावांचा तक्ता वेगळा ठेवायचा आणि त्यात प्रत्येक नावापुढे तोच क्रमांक लिहायचा. मग जॉइन या शब्दाने दोन्ही तक्ते जोडले की तिन्ही नावे एकाच माणसापाशी येतात. जे कोकणातच वारले त्यांच्याजवळ तेउदात झेहूत नव्हते, म्हणून क्रमांक आपलाच घालावा हे बरे. अझकारेसाठी हिब्रू तिथी आणि महिना यांचे रकानेही वेगळे ठेवावेत.

एक धोका सांगून ठेवतो. डिलीट लिहून व्हेअर विसरले तर सगळा तक्ता कोरा होतो, आणि संगणक 'खरेच पुसू का?' असे विचारीत नाही. आधी नक्कल काढावी.

पण आम्ही सर्वांत जास्त थांबलो ते नल या शब्दापाशी. रकान्यात काहीच माहिती नसेल तर तिथे नल असते. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे माहीत नाही. '१९५० पूर्वी वारलेले कोण?' असे विचारले तर ज्यांचे वर्ष ठाऊक नाही ते यादीत येत नाहीत. '१९५० पूर्वी न वारलेले कोण?' असे उलटे विचारले, तरीही ते येत नाहीत! संगणक स्वतःशी 'माहीत नाही' म्हणतो आणि ज्यांच्याबद्दल पक्के 'हो' आहे तेवढ्याच ओळी देतो. म्हणजे ज्या आजीची तिथी कोणी लिहून ठेवली नाही, ती प्रत्येक यादीतून गुपचूप गळते आणि तिच्या नावाने कद्दीश म्हणायचे राहून जाते. तिच्यासाठी वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: जिथे तिथी इज नल.

हा प्रश्न आता आम्ही दर वेळी आधी विचारतो, आणि येणारी यादी मोठ्या अक्षरांत छापून घेतो. तिची उत्तरे संगणकात नाहीत. ती कतुबांत, प्रार्थनेच्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर आणि फोटोंच्या पाठीमागे आहेत. घरी असे काही असेल तर पाहून ठेवा, आणि गावाचे नाव असल्यास तेही लिहा. एकाच नावाचे दोघे वेगळे ओळखायला त्याचाच उपयोग होतो.