वाट चुकलेल्या पाखराचा पंचनामा

यवतमाळ शहरापासून अरबी समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब, बंगालचा उपसागरही तसाच. तरीही बेंबळा किंवा निळोणा धरणाच्या काठी आजवर जिल्ह्यात कुणी न पाहिलेला पक्षी उतरला, तर त्यात अशक्य असं काही नाही. वादळं समुद्रपक्ष्यांना पार आत रेटतात. मे 2020 मधल्या अम्फान चक्रीवादळानंतर भर समुद्रात राहणारे सुरय कोलकात्याच्या आसपास दिसले होते. पहिल्यांदाच स्थलांतराला निघालेले तरुण पक्षी दिशा चुकतात, आणि काही तर चक्क कुणाच्या पिंजऱ्यातून निसटलेले असतात.

पक्षी येतो आणि निघूनही जातो. मागे राहते ती नोंद, आणि ती पोलिसांच्या पंचनाम्यासारखी हवी: तारीख, वेळ, नेमकी जागा, साक्षीदार आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच.

फेब्रुवारी 2021 मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातल्या मागुरी बिलावर मँडरिन बदक दिसलं. त्या भागात त्याची आधीची नोंद होती 1902 सालची! रशिया, चीन, कोरिया, जपानकडचा हा देखणा पक्षी पाहायला लोकांची रीघ लागली. त्याआधी 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही असंच एक बदक अवतरलं होतं. पण त्याच्या पायात कडं होतं. म्हणजे ते पाळलेलं असणार, असाच तर्क निघाला. म्हणून फोटो काढताना नुसता रंगीत पिसारा टिपून भागत नाही, पायही दिसले पाहिजेत.

खोटी नोंद किती छळते, हे रानपिंगळ्याच्या प्रकरणात दिसलं. 1884 नंतर या छोट्या घुबडाचा पत्ता नव्हता. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या ब्रिटिश अधिकारी-पक्षीतज्ज्ञाने 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचं सांगितलेला नमुना. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा लबाडी उघडी पडली. जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात जमवलेला पक्षी चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा त्यांना सापडला. माणूस मोठा म्हणून त्याची नोंद खरी, हा हिशेब इतकी वर्षं चालला, याचं नवल वाटतं.

उद्या यवतमाळ जिल्ह्यातल्याच टिपेश्वरच्या सागाच्या जंगलात कुणाला रानपिंगळा दिसलाच, तर आधी त्याचं डोकं बघावं. गावाकडच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, आणि शेपटीवरचे पट्टे रुंद. भर दिवसा फांदीवर बसलेला दिसला एवढ्यावर मात्र जाऊ नये, साधा पिंगळाही दिवसा दिसतो.

आता ई-बर्डसारख्या मोबाइल ॲपवर नोंद करता येते. त्या भागात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेलं नाव टाकलं की ॲप तपशील मागतं आणि स्वयंसेवक परीक्षक तो पडताळून पाहतात. त्यांनी प्रश्न विचारले की काही पक्षीमित्रांना राग येतो. तो अनाठायी आहे. उलटतपासणी व्हायलाच हवी.

तेव्हा अनोळखी पक्षी दिसला, तर पुस्तक उघडण्याआधी चोच, पाय, पंखांवरचे पट्टे आणि आवाज वहीत उतरवून ठेवा. पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलं की डोळे तेच बघू लागतात. फोटो धूसर आला तरी पुसू नका. थकून उतरलेल्या पक्ष्याला जवळ जाऊन उडवू नका, आणि शंका असेल तर नोंदीत ती शंकाही लिहा.