'हेमी' : नियमांशी झुंजलेले इंजिन

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, डेटोना बीच येथे, दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात 'डेटोना ५००' ही मोटार शर्यत भरते. अडीच मैलांच्या धावमार्गावर २०० फेऱ्या, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर अंतर, चालकांना कापावे लागते. १९६३ साली या शर्यतीतील पहिले पाचही क्रमांक फोर्ड मोटारींनी पटकावले होते. २३ फेब्रुवारी १९६४ रोजी मात्र चित्र पार पालटले. रिचर्ड पेटी या २६ वर्षांच्या चालकाने २०० पैकी १८४ फेऱ्यांत आघाडी राखली आणि ताशी सुमारे २४८ किलोमीटर या सरासरी वेगाने शर्यत जिंकली. दुसरा आला जिमी पार्ड्यू, तिसरा पॉल गोल्डस्मिथ. तिघांच्याही मोटारी क्रायस्लर कंपनीच्या 'प्लिमथ' नावाच्या होत्या आणि तिघांच्याही बॉनेटखाली एकच नवे इंजिन धडधडत होते. त्याचे नाव 'हेमी'.

या विजयानंतर आठ महिन्यांच्या आतच या इंजिनाला शर्यतीची दारे बंद करण्याचा निर्णय झाला. जिंकणे हाच ज्याचा जन्महेतू, त्याला जिंकल्यामुळेच बाहेर जावे लागले. ही विसंगती उलगडायची तर प्रथम त्या इंजिनाच्या अंतरंगात डोकावले पाहिजे.

घुमटाची रचना

'हेमी' हे 'हेमिस्फेरिकल', म्हणजे अर्धगोलाकार, या शब्दाचे लाडके संक्षिप्त रूप आहे. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमधील दट्ट्याच्या वरच्या पोकळीत इंधन आणि हवा यांचे मिश्रण पेटते. या पोकळीला ज्वलनकक्ष म्हणतात. त्या काळातील बहुतेक अमेरिकी इंजिनांत हा कक्ष पाचरीच्या आकाराचा असे आणि आत घेणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा एकाच रांगेत बसवलेल्या असत. हेमीमध्ये कक्षाचे छत घुमटासारखे असते. घुमटाच्या दोन विरुद्ध उतारांवर एकेक झडप बसते. त्यामुळे झडपा आकाराने मोठ्या ठेवता येतात. ताजे मिश्रण एका बाजूने आत शिरते आणि जळलेला वायू समोरच्या बाजूने, फारसे वळण न घेता, बाहेर पडतो. इंजिन जितका मोकळा श्वास घेईल तितकी त्याची शक्ती अधिक, हे यामागील साधे तत्त्व आहे. शिवाय अर्धगोलाचे पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी असल्याने भिंतींवाटे उष्णताही कमी वाया जाते.

हा लाभ फुकटचा नव्हे. झडपा दोन दिशांना कलल्यामुळे त्यांना हलवणारी यंत्रणा गुंतागुंतीची होते, इंजिनाचा माथा रुंद व जड होतो आणि उत्पादनखर्च वाढतो. म्हणूनच ही कल्पना क्रायस्लरच्या पूर्वीपासून ज्ञात असूनही सर्वसामान्य मोटारींत ती क्वचितच उतरली होती.

विमानातून मोटारीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रायस्लरच्या अभियंत्यांनी लढाऊ विमानासाठी अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे १६ सिलिंडरचे, २,५०० अश्वशक्तीचे इंजिन घडवले. १९४५ मध्ये त्याची उड्डाण-चाचणी झाली. पण युद्ध संपले आणि जेट विमानांचे युग सुरू झाले. विमानाचे इंजिन मागे पडले, त्यातून मिळालेले ज्ञान मात्र उरले. १९५१ साली क्रायस्लरने आठ सिलिंडरचे 'फायरपॉवर' इंजिन बाजारात आणले. त्याची क्षमता ३३१ घन इंच, म्हणजे सुमारे ५.४ लिटर होती आणि शक्ती १८० अश्वशक्ती. त्याच वर्षीच्या, नेमक्या तेवढ्याच क्षमतेच्या कॅडिलॅक इंजिनाची शक्ती १६० अश्वशक्ती होती. घुमटाचा लाभ किती, हे या फरकातून दिसते.

शर्यतवीरांनी हा फरक लगेच हेरला. ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी क्रीडाप्रेमी उद्योजकाने याच इंजिनाच्या मोटारी फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. तेथे १९५२ मध्ये चौथा आणि १९५३ व १९५४ मध्ये तिसरा क्रमांक त्यांना मिळाला. मायदेशी नौकांची इंजिने बनवणाऱ्या कार्ल कीकहेफर यांच्या संघाने ३०० अश्वशक्तीच्या 'क्रायस्लर ३००' मोटारी 'नॅसकार' या संस्थेच्या स्पर्धांत आणल्या. १९५५ मध्ये टिम फ्लॉक आणि १९५६ मध्ये बक बेकर हे त्या संघाचे चालक राष्ट्रीय विजेते ठरले. तरीही खर्च आणि वजन यांचे गणित जुळेना. १९५८ नंतर क्रायस्लरने या इंजिनाचे उत्पादन थांबवले.

विजय आणि त्याची किंमत

साठच्या दशकारंभी फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्यापुढे क्रायस्लर मागे पडू लागली, तेव्हा जुन्या घुमटाची पुन्हा आठवण झाली. टॉम हूवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२६ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ सात लिटरचे, नवे हेमी घडवले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या मारुती ८०० च्या इंजिनाहून ते सुमारे नऊपट मोठे होते. डेटोनाची शर्यत तोंडावर आली असताना चाचण्यांत सिलिंडरच्या भिंतींना तडे जाऊ लागले. अखेर अधिक जाड भिंतींचे साचे ओतून इंजिने वेळेत सज्ज करण्यात आली. पुढे काय घडले, ते आरंभी आलेच आहे.

परंतु १९६४ हे वर्ष शर्यतीच्या क्षेत्राला फार जड गेले. जानेवारीत लागोपाठ दोन वर्षांचा विजेता जो वेदरली अपघातात मृत्युमुखी पडला. मे महिन्यात शार्लट येथे फायरबॉल रॉबर्ट्स हा लोकप्रिय चालक आगीत गंभीर भाजला आणि जुलैत दगावला. सप्टेंबरमध्ये त्याच शार्लटच्या धावमार्गावर टायरची चाचणी घेताना, डेटोनात दुसरा आलेला जिमी पार्ड्यू प्राणास मुकला. या सर्वच अपघातांचा दोष हेमीकडे जात नाही. रॉबर्ट्सची मोटार तर फोर्डची होती. पण टायर आणि सुरक्षेची साधने यांना मोटारींचा वेग झेपेनासा झाला आहे, हे उघड होते.

ऑक्टोबरमध्ये नॅसकारने १९६५ साठी नवे नियम जाहीर केले. ग्राहकाला बाजारात सर्रास मिळणाऱ्या मोटारींची शर्यत ही या स्पर्धेची मूळ कल्पना होती. हेमी मात्र केवळ शर्यतीपुरत्या मोजक्या मोटारींत बसवले जात होते. या कारणास्तव त्याला बंदी झाली. फोर्डच्या तशाच खास इंजिनांनाही हाच न्याय लागला. संतापलेल्या क्रायस्लरने स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

बहिष्कारामुळे पेटी 'ड्रॅग' शर्यतींकडे वळला. थांबलेल्या स्थितीतून सुटून पाव मैलाचे सरळ अंतर सर्वांत आधी कोण कापतो, याची ही स्पर्धा असते. २८ फेब्रुवारी १९६५ रोजी जॉर्जिया राज्यात अशाच एका शर्यतीत त्याच्या मोटारीत बिघाड झाला आणि ती प्रेक्षकांत घुसली. आठ वर्षांचा एक मुलगा दगावला, अनेक जण जखमी झाले. वेगाची चर्चा तोवर चालक आणि कंपन्या यांच्याभोवती फिरत होती. त्या दिवशी तिची झळ काठावर उभ्या असलेल्या बालकाला बसली.

शर्यतीतून रस्त्यावर

इकडे नॅसकारच्या मैदानांवर चुरस उरली नाही. १९६५ च्या ५५ शर्यतींपैकी ४८ फोर्डने जिंकल्या. प्रेक्षकांची संख्या रोडावू लागली, तेव्हा हंगामाच्या मध्यावर नियम काहीसे सैल करण्यात आले. क्रायस्लरनेही नियमाचे म्हणणे मान्य केले. १९६६ पासून ४२५ अश्वशक्तीचे हेमी सामान्य ग्राहकाला विकत मिळू लागले. म्हणजे बंदीमुळेच हे इंजिन शर्यतीतून रस्त्यावर आले. १९६७ मध्ये पेटीने ४८ पैकी २७ शर्यती जिंकल्या, त्यांतील दहा तर लागोपाठ.

पुढची झुंज हवेच्या विरोधाशी होती. निमुळते नाक आणि पाठीवर उंच पंख असलेली 'डॉज चार्जर डेटोना' १९६९ मध्ये अवतरली. २४ मार्च १९७० रोजी टालाडेगा येथे बडी बेकरने याच मोटारीतून ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची, मर्यादा ओलांडली. पुन्हा नियम पुढे सरसावला. १९७१ साठी अशा पंखवाल्या मोटारींवर ३०५ घन इंचांच्या इंजिनाचे बंधन आले आणि त्या मैदानातून दिसेनाशा झाल्या. रस्त्यावरही दिवस पालटले होते. प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि बलदंड मोटारींचे विम्याचे हप्ते विमा कंपन्यांनी भरमसाट वाढवले. जोखमीचे मोल विम्याच्या हप्त्यात दिसू लागले, तेव्हा ग्राहकांचा उत्साहही ओसरला. १९७१ नंतर या इंजिनाच्या मोटारी विक्रीस आल्या नाहीत.

घुमट अजून पेटतो

ड्रॅग शर्यतीत मात्र हेमीचा वंश टिकून राहिला. तेथील अग्रणी चालक डॉन गार्लिट्स याने १९६४ मध्येच पहिल्या पिढीच्या हेमीच्या बळावर ताशी २०० मैलांचा टप्पा गाठला होता. मार्च १९७० मध्ये त्याच्या मोटारीचा गिअरबॉक्स स्फोट होऊन फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग त्याने गमावला. त्या काळी चालक इंजिनामागे बसत असे. रुग्णालयातून बाहेर आलेल्या गार्लिट्सने इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवणारी मोटार बांधली आणि १९७१ मध्ये तिने मोठ्या स्पर्धा जिंकल्या. थोड्याच वर्षांत सर्वांनी ती रचना स्वीकारली.

या प्रकारातील सर्वांत वेगवान 'टॉप फ्युएल' मोटारींची आजची इंजिने ॲल्युमिनियमची आणि ५०० घन इंचांची असतात. नायट्रोमिथेन या इंधनावर ती सुमारे ११,००० अश्वशक्ती निर्माण करतात आणि ताशी ५३० किलोमीटरपलीकडे धावतात. त्यांची मूळ मांडणी मात्र १९६४ च्या हेमीचीच आहे. २००८ मध्ये स्कॉट कलिटा या चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर त्यांचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणण्यात आले आणि थांबण्यासाठी अधिक जागा मिळाली.

हेमीच्या इतिहासात नियम वरकरणी खलनायक भासतो. बारकाईने पाहिले तर त्यानेच हे इंजिन ग्राहकाच्या हाती दिले आणि धावमार्गाची लांबी मानवी जीवाच्या मोलाने मोजायला लावली. सामर्थ्य पुढे धावते, नियम मागून येतो. या दोहोंतील अंतर जितका काळ राहते, तितका काळ त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांनी ती फार चढ्या दराने वसूल केली.