पाना, पक्कड आणि मलमपट्टी

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. साडेनऊच्या सुमारास आमच्या अपघात विभागात तिशीच्या एका तरुणाला आणले. कराडहून चिपळूणकडे येताना कुंभार्ली घाटात त्याच्या मोटारसायकलचे मागचे चाक पंक्चर झाले होते. पाऊस थांबला होता, पण धुके दाट होते. पठ्ठ्या तयारीचा होता. ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढायच्या पट्ट्या, हवेचा पंप, पाने, पक्कड सगळे जवळ होते. वळणाच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडी लावली, मोबाइलचा उजेड पडावा म्हणून तो दातात धरला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसून कामाला लागला. मागचा दिवा चालू होता, पण तो त्याच्याच पाठीने झाकला गेला. मागून आलेल्या पिकअपच्या चालकाला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

जीव वाचला. उजव्या नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले होते. स्ट्रेचरवर तो पूर्ण शुद्धीत होता आणि मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘‘सर, पंक्चर काढून झालंच होतं हो. फक्त हवा भरायची राहिली होती.’’

नंतर त्याच्या भावाने हत्यारांची पिशवी आणून खाटेखाली ठेवली. ती उचलून पाहिली, तर पाच-सहा किलो सहज भरेल. नाना मापांचे पाने, हातोडी, स्पार्क प्लगचा पाना, दोन डिसमिस, तारा. पण डोक्याला बांधायची बॅटरी नव्हती, अंगात घालायचे चमकते जॅकेट नव्हते आणि रक्त थांबवायला स्वच्छ कापडाचा तुकडाही नव्हता. पिकअपचा चालक पळून गेला नाही. त्याने स्वतःचा टॉवेल जखमेवर घट्ट दाबून धरला आणि १०८ला फोन केला. त्या रात्री सर्वांत उपयोगी पडलेले हत्यार म्हणजे तो टॉवेल.

मी स्वतः तीस वर्षे मोटारसायकल चालवतो. सोबत कोणती हत्यारे घ्यावीत यावर दुचाकीस्वारांत तासन्‌तास चर्चा होते, हे मला ठाऊक आहे. मीही ती रंगून केली आहे. पण त्या चर्चेची सुरुवात नेहमी ‘गाडीत काय बिघडू शकेल?’ या प्रश्नाने होते. डॉक्टर म्हणून मला प्रश्न थोडा बदलावासा वाटतो. बिघडल्यावर मी कुठे, किती वेळ आणि कोणत्या अवस्थेत थांबणार आहे? असे विचारले की पिशवीतली यादी आपोआप बदलते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यांतले सगळे काही वेगाचे बळी नसतात. रस्त्याच्या कडेला थांबलेला माणूसही वाहनांच्या मार्गातच असतो.

पहिले हत्यार : दिसणे

म्हणून पिशवीत सर्वांत आधी डोक्याला बांधायची छोटी बॅटरी टाकावी. तिने दोन्ही हात मोकळे राहतात. तिच्यासोबत घडी करून ठेवता येईल असे परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट आणि सायकलला लावतात तसा लुकलुकणारा लाल दिवा. तिन्ही मिळून वजन अर्धा किलोही होत नाही.

चाक बसले की माणसाला वाटते, गाडी हलवली तर टायर खराब होईल. होऊ द्या. टायर बाजारात मिळतो. पहिल्या गिअरवर अगदी सावकाश, किंवा उतरून ढकलत, गाडी वळणापासून दूर, सरळ आणि रुंद जागी, शक्यतो डांबराच्या बाहेर न्यावी. इंडिकेटर चालू ठेवावा. लाल दिवा गाडीच्या मागे काही अंतरावर, येणाऱ्या वाहनाला आधी दिसेल असा ठेवावा. काम करताना गाडी आणि येणारी वाहने यांच्या मधे आपण बसायचे नाही. रस्त्याच्या विरुद्ध बाजूला बसावे. सोबतचा मित्र मोबाइलवर चित्रण करत उभा राहण्याऐवजी मागून येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवून उभा राहिला तर जास्त बरे. अशी जागा मिळतच नसेल, तर पंक्चर काढण्याचा हट्ट सोडून आपण कठड्यापलीकडच्या सुरक्षित जागी थांबावे आणि मदत मागवावी.

पुढच्या गावापर्यंत नेणारी हत्यारे

रस्त्यावर गाडी पूर्ण दुरुस्त करायची नसते. ती पुढच्या गावातल्या मेकॅनिकपर्यंत पोहोचवायची असते. एवढे मान्य केले की हातोडी घरी राहते.

ट्यूबलेस टायर असेल, तर पंक्चरचा संच आणि पंप हवाच. नालीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असेल तर पट्टी टिकते. टायर बाजूने फाटला असेल तर टिकत नाही. तिथे झटापट करू नये. पट्टी लावल्यावरही बेताच्या वेगानेच जावे आणि दुकानात तपासून घ्यावे. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. ती रस्त्यावर बदलायची तर चाक काढावे लागते, टायर लिव्हरने उचकटावा लागतो. सवय नसेल तर लिव्हर सटकून तोंडावर बसतो. अशांनी पुढच्या-मागच्या मापाची एकेक ट्यूब सोबत ठेवावी. पंक्चरवाला गावात भेटतो, आपल्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही.

याशिवाय आपल्या गाडीला लागणारे तीन-चार पाने, एल-की, एक डिसमिस, पक्कड, दोन फ्यूज, क्लच वायर, चेनचे लॉक, थोडी इन्सुलेशन टेप आणि प्लास्टिकचे बंध. माप कोणते, हे दुसऱ्याच्या यादीवरून ठरवू नये. एका रविवारी घरासमोर, इंजिन थंड असताना, फक्त पिशवीतली हत्यारे घेऊन बसावे. आरसा, क्लचची वायर, बॅटरीची टर्मिनल, फ्यूजचे झाकण यांना हात घालून पाहावा. पंपाने हवा भरून पाहावी. जे लागले ते पिशवीत परत जाईल, जे लागले नाही ते घरी. आणि जे वापरता आले नाही, ते एक तर शिकून घ्यावे, नाहीतर तेही घरीच. औषधांच्या बाबतीत आम्ही हेच सांगतो. कसे घ्यायचे हे माहीत नसलेले औषध कपाटात असून नसल्यासारखे.

हात सांभाळा

आमच्याकडे येणाऱ्या हाताच्या जखमांत एक प्रकार ठरलेला आहे. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, चाक फिरते आहे आणि हातात फडके घेऊन कोणी तरी चेन पुसतो आहे. फडक्याचे टोक चेनमध्ये जाते, त्यामागे बोट. दातेरी चक्रापुढे बोटाचे काही चालत नाही. चेन उतरली असो वा साफ करायची असो, इंजिन बंद, चावी खिशात आणि चाक फिरवायचे ते टायरला धरून. चेनला धरून कधीच नाही.

दुर्दैवाने बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लावू नये, त्याने पेशी मरतात. मग सरळ रुग्णालय गाठावे.

सायलेन्सरचा चटका हा दुसरा प्रकार. जवळ असेल तेवढे पाणी ओतावे. वाहते साधे पाणी मिळाले तर वीस मिनिटे भाग त्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, ग्रीस काहीही लावू नये.

तिसरा प्रकार पेट्रोलचा. एका गाडीतून दुसरीत पेट्रोल घेण्यासाठी नळी तोंडात धरून ओढणारे महाभाग अजून आहेत. पेट्रोल पोटात गेले तर गेले, पण चुकून थेंबभर श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाला सूज येते आणि काही तासांत दम लागू लागतो. अशा वेळी उलटी करवणे हा घातक उपाय आहे, कारण तेच पेट्रोल वर येताना पुन्हा फुप्फुसात जाते. काही न देता रुग्णालयात आणावे. नळी ओढायची वेळच येऊ नये म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी, हे सोपे. पेट्रोलने हातावरचे ग्रीस धुण्याची सवयही सोडावी, त्याने कातडी फुटते आणि इसब उठतो. पिशवीत साबणाची वडी टाकावी.

दुसरी पिशवी, लहान

हत्यारांच्या पिशवीत मलमपट्टी ठेवू नये. तेलाच्या फडक्याशेजारचे गॉझ निर्जंतुक राहत नाही आणि ऐन वेळी पान्यांखालून ते सापडतही नाही. वेगळी, वर ठेवलेली, सोबत्याला माहीत असलेली लहान पिशवी असावी. तीत रबरी हातमोज्यांचे दोन जोड, गॉझचे मोठे तुकडे, १० आणि १५ सेंटिमीटरचे क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, स्वच्छ मोठा रुमाल, ओआरएसची पाकिटे. आणि स्वतःची औषधे : दम्याचा पंप, मधुमेह्याला साखरेच्या गोळ्या.

रक्त थांबवायला बहुतेक वेळा एवढे पुरते, अट एकच. गॉझ ठेवून तळहाताने घट्ट दाबायचे आणि दर मिनिटाला उचलून ‘थांबले का’ पाहायचे नाही. रक्त वर आले तर त्यावरच दुसरा थर ठेवून आणखी दाबायचे. जखमेत काही रुतले असेल तर ओढून काढायचे नाही. पडलेल्या माणसाचे हेल्मेट घाईने काढू नये, मानेला इजा असू शकते. तो श्वास घेत नसेल किंवा तोंडात रक्त वा उलटी भरली असेल, तरच एकाने मान स्थिर धरून दुसऱ्याने ते काढावे. धनुर्वाताच्या लशीची तारीखही आठवून ठेवावी. मळकट जखमेला पाच वर्षांपूर्वीची लस पुरेशी धरत नाहीत.

मदत करायला कचरू नका. १०८ची रुग्णवाहिका विनामूल्य आहे, ११२वरही फोन लागतो. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आले आहे. मदत केल्याबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

ठेवायचे कुठे?

पाठीवर नाही. लोखंडी पाने भरलेली सॅक पाठीला लावून माणूस उताणा पडला, तर कणा आणि रस्ता यांच्या मधे तेच पाने असतात. छातीच्या खिशातला डिसमिस तर फासळ्यांवर रोखलेला असतो. जड हत्यारे सीटखाली किंवा गाडीच्या बाजूच्या बॅगेत, खाली आणि घट्ट बांधून ठेवावीत. अंगावर फक्त मोबाइल आणि एक कागद : नाव, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, घरचा नंबर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरांत. माणूस बेशुद्ध असतो तेव्हा आमच्यासाठी तो कागदच बोलतो.

दरवर्षी उन्हाळ्यात आपल्याकडची बरीच मंडळी लेहला जातात. त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि खारदुंगला ५,३०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. पुण्यात पाच मिनिटांत हातपंपाने हवा भरणारा तिथे धापा टाकतो, डोके ठणकू लागते. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप तिथे चैनीची वस्तू नाही. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती, आणि उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून.

तो तरुण यंदा मे महिन्यात तपासणीला आला. हाड जुळले आहे, चाल अजून थोडी अडखळते. तीन शस्त्रक्रिया आणि नऊ महिने बिनपगारी रजा. जाताना त्याने विचारले, ‘‘सर, गाडी पुन्हा चालवू ना?’’ मी म्हटले, ‘‘चालव. पिशवीत काय आहे ते आधी सांग.’’ त्याने बोटे मोजत सांगितले. पहिले नाव बॅटरीचे होते. हातोडीचे नाव आले नाही.

आज संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा सीट उचलून एकदा पाहा. कंपनीने दिलेली हत्यारे आणि प्रथमोपचाराची पेटी बहुधा तिथेच, वेष्टनही न फोडता पडलेली असेल. सुरुवात तिथून करा.