तारतम्य म्हणजे काय रे भाऊ?

गोष्ट मार्चमधली. टँकर आला नव्हता आणि मी क्रिकेट खेळून आल्यावर दिवसातली दुसरी अंघोळ उरकली. चांगली दोन बादल्या! शेजारच्या रूममधला ज्युनिअर तापाने फणफणला होता. त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला मेसच्या मावशी पाणी घ्यायला आल्या, तर नळ कोरडा. मावशी एवढंच म्हणाल्या, "अरे, तारतम्य म्हणून काही असतं की नाही?"

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. मला वाटलं तारेबिरेचं काहीतरी असेल, आमची हीटरची कॉइल यांनी पाहिली की काय! रूममेट झेडपीच्या शाळेतला. तो म्हणाला, "लसावि माहितीये?" म्हटलं, एलसीएम माहितीये. "तेच ते. लघुतम साधारण विभाज्य. त्यातला 'तम' म्हणजे सगळ्यात. आणि 'तर' म्हणजे दोघांत जास्त." संस्कृतातले हे दोन प्रत्यय एकत्र आले आणि त्यांतून तारतम्य झालं. गंमत बघा, शब्दात वस्तू कुठलीच नाही, नुसती तुलना! कशाला जास्त महत्त्व, कशाला सगळ्यात जास्त, हे ज्याला वेळेवर कळतं त्याला तारतम्य आहे.

म्हणून अक्कल वेगळी. टॉपरला अक्कल असते, पण विटेची लांबी मिलिमीटरच्या तीन दशांशांपर्यंत लिहून आणणाराही टॉपरच होता! ताळतंत्रही वेगळं. ते सुटलं की माणूस वाहवत जातो. तारतम्य नसलेला माणूस अगदी शांतपणे चूक करतो, माझ्यासारखा. आणि हिंदीवाल्या मित्रांनो, तुमच्याकडे हा शब्द बऱ्याचदा सुसंगती, क्रम या अर्थाने येतो. मराठीत तसा वापरलात तर घोटाळा होईल.

याचं मोठं उदाहरण आपल्याच नगर तालुक्यात आहे, हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले (२०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली). कुऱ्हाडबंदी, चराईबंदी सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त आवडतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअरवेल नाही, जास्त पाणी पिणारा ऊस नाही. पाऊस कमी झाला तर पिकंही बदलायची. नुसता नियम करून भागत नाही, दरवर्षी नव्याने तोलावं लागतं.

आमच्या विंगमध्ये आता टँकरच्या दिवशी आधी दोन बादल्या भरून बाजूला ठेवतात, आजारी माणसासाठी. तो ज्युनिअर बरा झालाय. मी टॉवेल घेऊन निघालो की दारातून ओरडतो, "दादा, आज तर का तम?"