आगमन १.४०

रात्री १.४०

जाग आधी येते, कळ नंतर. मध्ये मिनिटभर जात असेल. तेवढ्यात उठून बसायचं आणि पायात चपला सरकवायच्या, कारण आता आडवं राहणं जमणार नाही. आमच्या एसटीच्या गॅरेजात टायर उचकटायला टॉमी वापरतात. ती डाव्या डोळ्याच्या खोबणीत घालून कुणी आतून जोर लावावा, तसं सुरू होतं. डोळा गळायला लागतो, डावी नाकपुडी चोंदते, पापणी खाली उतरते. उजवी बाजू मात्र ठणठणीत. निम्म्या तोंडाचाच हा सगळा कारभार.

बायको उठलेली असते. सिलिंडरची चावी तिच्या उशाखाली. ती चावी फिरवते, फ्लोमीटरमधली गोळी बारावर आणते, मी पिशवीवाला मास्क तोंडावर दाबून धरतो. पहिली पाच मिनिटं खुर्चीत बसवत नाही. नळी पुरेल तेवढ्यात दाव्याच्या बैलासारखा येरझाऱ्या घालतो. मग बसतो, पुढं वाकून, कोपरं गुडघ्यावर. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते, माझ्याकडं नाही. बाराव्या मिनिटाला टॉमी ढिली पडते. पंधराव्याला डोळा पुन्हा माझा होतो.

चावी बंद. वहीत नोंद : आगमन १.४०, निर्गमन १.५७. ती कूस बदलून झोपते. मला अर्धा तास लागतो.

पहाटे ४.३०

आज वसुबारस. पेठेतल्या गोठ्यात पुजेची धांदल सुरू झालेली ऐकू येते. चहाबरोबर गोळी घेतो. व्हेरापामिल, ब्लडप्रेशरची जुनी गोळी. मला प्रेशर नाही. दुखण्याचा हंगाम आवरता यावा म्हणून ती रोज घ्यायची. डोस वाढवायच्या आधी डॉक्टर ईसीजी काढतात, कारण ती हृदयाची गती मंद करू शकते. पोटाचीही करते, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

दुखणं दिवाळीच्या मागंपुढं येतं, सहा-आठ आठवडे मुक्काम ठोकतं आणि जातं. मग दहा-अकरा महिने काही नाही. पुढच्या वर्षी द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की हेही हजर. पहिली तीन-चार वर्षं सगळे म्हणायचे, ऑक्टोबरचं ऊन लागलं. रात्री पावणेदोनला कसलं ऊन, हे मलाही सुचलं नाही.

सकाळी ६.००

मी वाहतूक नियंत्रक. गावाच्या भाषेत कंट्रोलर. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आलेल्या-गेलेल्या गाडीचा नंबर आणि वेळ रजिस्टरला लिहायची, कंडक्टरच्या कागदावर सही ठोकायची आणि माईकवरून सांगायचं, ‘विट्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.’ हंगामात जादा गाड्या असतात, त्यामुळं फलाट ऐनवेळी बदलतात आणि लोक माझ्या नावानं खडे फोडतात. रास्त आहे. स्वारगेटची गाडी चारवर म्हणालो आणि ती दोनवर लागली, तर बोचकी, पोरं आणि म्हातारी घेऊन पळणाऱ्या माणसानं दुसरं काय करावं?

दोन तास मान वर करायला सवड नाही.

सकाळी ९.१५

गर्दी जराशी ओसरली. मिरजेच्या गाडीचा कंडक्टर खिडकीतून चहा सरकवतो. माझ्या डोळ्याखाली रात्रीची सूज आहे.

‘साहेब, परत ते? मेव्हण्याला सेम. अर्धशिशी. सुंठ उगाळून लावा, तासाभरात पळतं.’

मी मान डोलावतो. वाद घालत नाही, कारण तो खोटं बोलत नाही. सुंठीनं माझंही पळायचं. बामनं पळायचं. डोक्याला रुमाल आवळून पळायचं. एका देवऋष्यानं लिंबू उतरवलं, तेव्हाही तासाभरात पळालं होतं आणि आमची आई पुढं दोन वर्षं त्याला कोंबडं पोचवत होती. गोम अशी, की हे दुखणं कमीत कमी पाव तास आणि जास्तीत जास्त तीन तास राहतं आणि आपणहून जातं. हंगामही तसाच, आपणहून संपतो. त्यामुळं जो उपाय शेवटी केला त्याला श्रेय. डोकेदुखीच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं खाल्ल्या त्या याच समजुतीवर. गोळी पोटात विरघळून रक्तात पोचेपर्यंत पाऊण तास जातो, तोवर कळ परतीच्या वाटेला लागलेली असते. गाडी निघाल्यावर हिरवा कंदील दाखवणाऱ्याला वाटावं, की गाडी आपणच हलवली, त्यातला प्रकार.

श्रेय घेणाऱ्यांची यादी लांब आहे. चष्मा झाला. मग नाकवाल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सायनस सांगितला. पाणी डोळ्यातून आणि नाकातून येतंय म्हटल्यावर त्यांना तरी दुसरं काय दिसणार? अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले, मग आतलं वाकडं हाड सरळ करायचं ऑपरेशन. ते वर्ष बरं गेलं, कारण ऑपरेशन झालं डिसेंबरात. पुढच्या नवरात्रात कळ वेळेवर हजर. मग ती वरच्या दाढेतून निघते असं ठरलं. आधी रूट कॅनॉल, नंतर तीच दाढ काढून टाकली. चांगली दाढ होती. एमआरआय स्वच्छ आला आणि त्याच्या बळावर एका मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं, टेन्शन. स्टँडवर काम करता ना, म्हणाले.

आठ दिवाळ्या गेल्या यात.

सकाळी ११.३०

पंढरपूर गाडी वेळेत. रजिस्टरच्या दोन रकान्यांत वेळ लिहिताना अजूनही तो दिवस आठवतो.

२०२३ साली मिरजेला एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. वय तिशीपस्तिशीचं. फायलीचा गठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘किती वाजता दुखतं?’

कुठं दुखतं, किती दुखतं, कधीपासून दुखतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. किती वाजता, हे कुणीच नाही. आणि माझ्याकडं तर वही होती. सवयीनं ठेवलेली, कुणाला दाखवायला नव्हे. जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर स्टँडच्याच पद्धतीनं दोन रकाने, आगमन आणि निर्गमन. बायकोनं ती पिशवीतून काढली. त्यांनी बोट फिरवत एक पान वाचलं. १.४०, १.३५, १.४०, १.४५, १.४०. वही न मिटता बायकोकडं वळले.

‘वहिनी, दुखतं तेव्हा हे काय करतात? अंधार करून पडून राहतात?’

‘पडून? नाही हो. घरभर फिरतात. भिंतीला डोकं लावतात. एकदा रात्री अंगणात जाऊन हापसा मारत होते, पाणी नको होतं तरी.’

‘डोळा?’

‘डावाच. लाल होतो, गळतो.’

तपासणी पाच मिनिटांची झाली. निदान त्याआधीच झालं होतं. अर्धशिशीचा माणूस हालचाल टाळतो, उजेडाला घाबरतो. या दुखण्याचा माणूस गप्प बसूच शकत नाही. नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, क्लस्टर हेडेक. ‘क्लस्टर म्हणजे घड,’ म्हणाले. ‘तुमच्याकडं द्राक्षं असतात ना, तसं. एकेक मणी सुटा नाही, घडानं येतं.’ हजारात एखाद्याला होतं, रक्ताच्या तपासणीत किंवा फोटोत दिसत नाही. एमआरआय करायचा तो दुसरं काही नाही ना हे बघायला. मग कळतं कशावरून? माणसाला विचारून.

आमची मुलगी डी.फार्म. करते. तिनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, की १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी कळ चालू असताना मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा हायपोथॅलॅमस नावाचा भाग जागा झालेला दिसला. शरीराचं झोपेजागेचं घड्याळ तिथंच असतं. म्हणजे माझ्या डोक्यातही एक कंट्रोलर बसलेला आहे, आणि त्याच्या वेळा माझ्यापेक्षा पक्क्या आहेत.

दुपारी २.२५

माझी पाळी दोनला संपते. बदलीचा कंट्रोलर घाटात कंटेनर आडवा झाल्यानं अडकलाय. खरं तर मी दोनच्या ठोक्याला केबिन सोडतो, कारण हंगामात दुसरी खेप याच सुमारास असते आणि घर दहा मिनिटांवर आहे. आज राहिलो.

कोल्हापूरची गाडी जाहीर करतानाच नाकपुडी बंद झाली. वाक्य पुरं केलं. माईक त्या मिरजेच्या कंडक्टरच्या हातात दिला आणि पार्सल ऑफिसच्या मागं गेलो. तिथं मोकळी भिंत आहे. इकडून तिकडं वीस पावलं, तिकडून इकडं वीस. नळ सोडून डोकं धरलं. परत वीस पावलं. तळहातानं डोळा दाबला, मूठ भिंतीवर आपटली, कुणी बघतंय का याचं भान राहत नाही. बघत होते. दोघं पोरं मुतारीतून बाहेर आली, माझा लाल डोळा आणि तोल बघून एक म्हणाला, ‘यांची दिवाळी आजच चालू झाली वाटतं.’

हंगामात दारूचा एक घोटही मला चालत नाही. घेतली तर तासाभरात कळ उभी राहते. भावाच्या साखरपुड्याला हे शिकलो. पण खाकी शर्टातला माणूस भर दुपारी भिंतीला धरून फिरताना दिसला, तर लोकांनी काय समजावं?

आज बाहेर पडायला पावणेचार झाले. निर्गमन ३.३०. हीच कळ घरी असतो तर पंधरा मिनिटांत आटोपली असती. एक तास पाच मिनिटं. ती वहीत लिहिताना हात थरथरत होता म्हणून अक्षर वाकडं आलंय.

संध्याकाळी ५.००

उद्यापासून गॅसवाला चार दिवस बंद. म्हणून सिलिंडर आजच भरायला हवा. हिशेब सोपा आहे : बी-टाइपच्या नळकांड्यात १५०० लिटर प्राणवायू, मिनिटाला १२ लिटर, पंधरा मिनिटं, म्हणजे एका खेपेला १८०. आठ खेपा. दिवसाला दोन धरल्या तर चार दिवस. दिवाळी चार दिवसांत संपत नाही, त्यामुळं दुसरा सिलिंडर भाड्यानं घेतला. घरी वापरायचं ते पाच लिटरवालं मशीन इथं उपयोगाचं नाही, तेवढ्या जोरानं ते देतच नाही. १२ लिटरचा आकडाही उगाच नाही. २००९ साली छापून आलेल्या एका चाचणीत प्राणवायूनं पंधरा मिनिटांत शंभरातल्या ७८ खेपा थांबल्या होत्या, नुसत्या हवेनं २०.

रिक्षावाल्यानं दोन सिलिंडर बघून विचारलं, ‘घरात कोण सिरियस?’ २०२१ नंतर या नळकांड्याकडं लोक दुसऱ्या नजरेनं बघूच शकत नाहीत. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी बोटाला लावायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. माझं ९८ भरलं, तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटलं. प्राणवायू कमी पडतो म्हणून घेत नाही काकू, औषध म्हणून घेतो, असं सांगितलं, पटलं नसावं.

रात्री ९.३०

दारात पणत्या आहेत, घरात नाहीत. हंगामापुरती समई ओसरीवरच्या कोनाड्यात गेली आणि डासांची कॉइल बंद झाली. विस्तवाइतकीच तेलाची भीती. सिलिंडरच्या तोंडाला तेलाचा हात लागता कामा नये, प्राणवायूच्या दाबाखाली ते पेट घेतं. नेमक्या याच आठवड्यात आमच्या घरात तेलाशिवाय काही हाताला लागत नाही. सकाळपासून चकल्या चालल्यात.

नवा सिलिंडर जोडला. काटा १५० वर. मास्क पुसला, पिशवीला भोक नाही हे फुगवून बघितलं. वहीत उद्याची तारीख घातली.

बायकोनं साबणानं दोनदा हात धुतले, हुंगून बघितले, तिसऱ्यांदा धुतले. चावी उशाखाली ठेवली.

‘उद्या जादा गाड्या किती?’

‘सात.’

‘मग झोपा आता.’