उभ्या गाडीचे ब्रेक का चिकटतात?

मालक आखातात किंवा हजला गेलेला, गाडी पावसाळ्यात महिनाभर अंगणात उभी. परत आल्यावर इंजिन सुरू होते, पण मागचे चाक फिरत नाही. कोकणातील वाहनधारकांना हा प्रकार परिचित आहे. गाडी धुऊन लगेच हँडब्रेक ओढून ठेवली तरी तेच घडते.

ब्रेकचे ड्रम बिडाचे असतात. ओल लागली की त्यांवर गंज चढतो आणि हँडब्रेकने दाबून धरलेले लायनर त्याला चिकटते.

अशा वेळी जोराने रेस देऊ नये. लायनर उखडू शकते. हँडब्रेक पूर्ण सोडून गाडी पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये हलकेच मागेपुढे करावी. चाक न सुटल्यास मेकॅनिकला बोलवावे.

गाडी धुतल्यावर थोडे अंतर सावकाश चालवून, ब्रेक हलके दाबत ते वाळवावेत. जास्त दिवस ठेवायची असल्यास सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून ठेवावी. हँडब्रेक ओढू नये.

चाक सुटल्यावरही इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर कॅलिपर, सिलिंडर किंवा हँडब्रेकची केबल तपासून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. भाड्याची गाडी चालवणाऱ्या बांधवांनी तर हयगय करूच नये. घासणारा ब्रेक इंधन व लायनर खातो. ओलावलेले ऑइल तापून उकळले तर घाटात पेडल थेट खाली जाते. तेव्हा प्रश्न खर्चाचा राहत नाही, प्रवाशांच्या जिवाचा होतो.