केळं, पाटी आणि घोडा

टपाल खात्याने १४ नोव्हेंबर १९५७ रोजी बालदिनानिमित्त तीन तिकिटं काढली. आठ नव्या पैशांच्या तिकिटावर केळं खाणारा मुलगा, पंधरा नव्या पैशांच्या तिकिटावर पाटीवर लिहिणारी मुलगी आणि नव्वद नव्या पैशांच्या तिकिटावर बांकुड्याचा घोडा, हे खेळणं. नवा पैसा त्याच वर्षी एप्रिलमध्ये चलनात आलेला, त्यामुळे तिकिटांवरच्या किमतीही कोऱ्या करकरीत. पोषण, शिक्षण आणि खेळ, असा त्या चित्रांचा साधा अर्थ. नेहरू तेव्हा पंतप्रधान होते, वाढदिवसही त्यांचाच. पण तिन्हींपैकी एकाही तिकिटावर त्यांचा चेहरा नाही.

नेहरूंच्या निधनानंतर, १९६४ पासून, त्यांच्या स्मरणार्थ बालदिन सुरू झाला असं शाळाशाळांतल्या भाषणांत सर्रास सांगितलं जातं. ही तिकिटं त्याच्या सात वर्षं आधीची आहेत. १९६४ नंतर एवढंच झालं, की मुलांसाठी ठेवलेल्या दिवसावर जयंतीचा रंग चढला आणि जयंती म्हटलं की आपल्याकडे काय काय होतं ते सगळं ओघाने आलं : प्रतिमापूजन, हार, प्रमुख पाहुणे, आभारप्रदर्शन.

नेहरूंचा मुलांवरचा जीव खोटा नव्हता. युद्धकाळात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले होते. तिथल्या मुलांनी ‘आम्हाला हत्ती पाहायचाय’ अशी पत्रं लिहिली, तेव्हा नेहरूंनी १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण जहाजाने पाठवून दिली आणि तिला आपल्याच मुलीचं, इंदिरेचं, नाव दिलं. पंतप्रधानाला असलं काही सुचावं, याचं आजही कौतुक वाटतं. पण एका माणसाचं मुलांवरचं प्रेम ही एक गोष्ट आणि देश मुलांना काय देणं लागतो ही दुसरी. बालदिनाच्या कार्यक्रमांत पहिलीबद्दल भरभरून बोललं जातं, दुसरी राहून जाते. संयुक्त राष्ट्रांनी १९५४ मध्ये सगळ्या देशांना असा एक दिवस पाळायला सुचवलं आणि तारीख ज्याच्या त्याच्यावर सोडली. त्यांची स्वतःची तारीख २० नोव्हेंबर. त्या तारखेला १९५९ मध्ये बालहक्कांचा जाहीरनामा आला आणि १९८९ मध्ये करार. भारत त्या करारात १९९२ मध्ये सामील झाला. आपल्या बालदिनानंतर सहाच दिवसांनी येणारी ही तारीख आपल्या शाळांत फारशी कुणाला ठाऊक नसते.

तीन तिकिटांपैकी घोडा आपण उचलला, तोही अर्धामुर्धा. वेशभूषा स्पर्धेत दादाचं जाकीट घालून, शर्टाला सेफ्टीपिनने गुलाब टोचून पाच-सहा नेहरू ओळीने उभे असतात आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत त्यांना जागचं हलता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गाळ्यात भरणाऱ्या शाळांच्या शहरांत त्यावर न बोललेलंच बरं.

केळ्याचं म्हणाल, तर तिथे सरकारला काही गुण द्यावे लागतील. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या उभ्या राहिल्या. (त्यांच्या मुळाशी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला केलेलं काम आहे. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून या बायकांनी गुरं चरतात तिथेच, कुरणात, शाळा भरवली.) १९९५ मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला. आधी हजेरीच्या हिशेबाने महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे शाळेच्या आवारात चूल पेटली. त्या जेवणाची सरकारी नावं बदलत गेली, पोरांच्या तोंडी ती ‘खिचडी’च राहिली.

सगळ्यात जास्त थकबाकी आहे ती पाटीची. राज्यघटनेच्या मूळ ४५व्या कलमात, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असं होतं. चौदा हा आकडा उगाच आलेला नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ‘प्राथमिक शिक्षण’ एवढंच म्हणावं अशी सूचना आली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवायचं नाही असं आपण दुसऱ्या कलमात म्हणतो आहोत, तर तोवर ते मूल शाळेत असलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे कामबंदी आणि शाळा ही जोडी घटनेनेच बांधून दिली होती. दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. पंतप्रधान तेव्हाही नेहरूच होते. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६वी घटनादुरुस्ती लागली आणि कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९१७ मध्येच आणलं होतं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता.

आता १४ नोव्हेंबरला बीड, पाथर्डीकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि गावंच्या गावं ऊसतोडीसाठी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते नवरा-बायकोच्या जोडीने. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरी टनावर ठरते. बरोबर आलेली दहा-बारा वर्षांची पोर कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, उसाच्या फडात वाढं गोळा करते. तिचं नाव कुठल्याच हिशेबात नसतं, कारण कोयत्यात माणसं दोनच धरतात. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सरसकट कामबंदी केली खरी, पण शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत घरच्यांना मदत करायला मुभा ठेवली. जिची शाळाच सहा महिने मागे गावात राहिली, तिच्या बाबतीत ‘शाळेची वेळ’ कोणती धरायची? ही सवलत ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फड नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपाय नाहीत असं नाही. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाजवळ शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं, अशी सोय आहे. आजी-आजोबांजवळ मुलं मागे ठेवता यावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने मुला-मुलींच्या शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. यातली हंगामी वसतिगृहं चालतात ती मुख्यतः शाळा व्यवस्थापन समितीमार्फत. या समितीत कायद्याने पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ऊसतोडीच्या गावात त्यातले बरेचसे पालक नोव्हेंबरात फडात असतात. मागणीचा ठराव, मुलांची यादी आणि स्वयंपाकाची व्यवस्था हे सगळं गावात माणसं असतानाच, सप्टेंबरच्या बैठकीत झालेलं असावं लागतं. बालदिनाच्या भाषणाची तयारी त्यानंतर केली तरी चालते.